थांबगं आणि आणखी सहा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांगायला लाज वाटते, पण तुला ठमीकडून कळण्याआधी मीच सांगते. चाळीस वर्षं कडेकपारी पालथ्या घातल्या, कधी पाय घसरला नाही. आणि पडले कुठं, तर लेकीच्या घरात, शब्दकोश काढायला स्टुलावर चढले तेव्हा. खुब्याचं हाड गेलं. शब्दकोश माझ्याआधी खाली पोचला, त्याला खरचटलंही नाही. ऑपरेशन झालं, डॉक्टर खूश आहेत. मी नाही. महिनाभर अंथरूण, मग कुबड्या, मग काठी.

ठमी सकाळी चष्म्याच्या दुकानात जाते आणि दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावते. मी तिसऱ्या मजल्यावर पडून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी वाचते. टाकीवर शेवाळ आलंय. सध्या माझं रान तेवढंच.

आता काम. माझं शेवटचं पुस्तक निम्म्याहून जास्त झालंय. आपल्या डोंगरावरची सात रानफुलं, त्यांची सात नावं, आणि त्या नावांत दडलेला आपल्या मुलखाचा इतिहास. ती नावं तूच मला आणून दिली होतीस, आठवतं? नऊ वर्षांचा होतास. वरच्या सोंडेवरच्या लंगड्या मेंढपाळाकडून ऐकून यायचास, आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. माझ्या पहिल्या पुस्तकात एक सोडलं तर बाकीची नुसती यादीत होती. या पुस्तकात ती बोलणार आहेत.

पण त्यासाठी या वर्षीचा बहर कुणीतरी पाहायला हवा. कोणतं फूल कोणत्या तारखेला, कोणत्या उतारावर, शेजारी काय. आठवड्यातून एकदा वर जाशील? आणि फोन करू नकोस. निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ओरडून सांगतोस. लिही. फक्त 'छान फुलं आली आहेत' असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शब्दकोश सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तू पण जप.

ताई, तू माणूस चुकीचा निवडलास. एकतीस वर्षं मी त्या डोंगरावरून बस चालवली. डोळा रस्त्यावर, कान इंजिनावर. कंडक्टर म्हणायचा की बघा काय बहर आलाय, आणि मी म्हणायचो की वळण संपू दे. वळण कधी संपलंच नाही, आणि मी निवृत्त झालो. आता तुझ्या कृपेनं चौसष्टाव्या वर्षी खिडकीशेजारी बसून गेलो. नवा ड्रायव्हर माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यानं तिकिटाचं नाव काढू दिलं नाही. शेवटच्या थांब्यावर उतरलो आणि काठी टेकत वर निघालो.

तर लिहून घे. तारीख अकरा. शिपायाचं बटण उमललंय, पूर्वेच्या उतारावर, मोठ्या खडकाच्या पायथ्याशी, साधारण दोन बसगाड्या मावतील एवढ्या जागेत. पिवळं, गोल, पितळेसारखं. मी मोजायला बसलो, ऐंशीपर्यंत मोजली आणि मग एक ढग आला. तू हसशील, पण ढग आल्यावर ती थोडी मिटतात. ढग गेल्यावर परत उघडतात. मी तीन वेळा बघितलं. घड्याळात बघितलं तर दीड तास गेला होता. एकतीस वर्षांत मला कधी दीड तास सापडला नव्हता, आणि इथं तो असाच गवतात पडलेला होता.

धुकं उतरणीवरून हळूहळू येतं, पायाशी बसतं आणि उठून जातं. आवाज कशाचाच नाही, फक्त मधमाश्यांचा. थांब्याच्या वर जे शेवटचं घर आहे तिथल्या मधवाल्या आजीच्या त्या माश्या. तिच्या पेट्या अजून अंगणातच आहेत. तिनं मला चहा दिला आणि विचारलं की बस बिघडली का, म्हणून पायी आलास.

गुडघा कुरकुरतोय, पण पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. सांगितलंस म्हणून नाही. असंच.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ठमीनं आधी वाचून दाखवलं, मग मी वाचलं, मग उशीखाली ठेवलं. ढगाबरोबर मिटणारं फूल! चाळीस वर्षांत मी हे टिपलेलं नाही, कारण मी कधी दीड तास एका जागी बसलेच नाही. पुढचं, पुढचं करत गेले. दोन बसगाड्यांचं माप मात्र छापणार नाही.

दुपारी गोळीची गुंगी असते. डोळे मिटले की तुझ्या पत्रातून वर जाते. खडकाला वळसा घालते, पाय दुखत नाही. गवत ओलं लागतं. एकदा तर जाग आल्यावर चादर झटकली, कुसळं चिकटली असतील म्हणून. ठमी म्हणते की आई गोळी कमी करू या. मी म्हणते नको.

सोबत दोन प्रकरणं पाठवते आहे. पहिलं 'मिठाची वाट'. सोंडेवर पायवाटेच्या कडेनं ते पांढरं बारीक फूल रांगेनं येतं ना, त्याच्या नावावरून मी पूर्ण माग काढला. माझं म्हणणं असं, की फार पूर्वी त्या सोंडेवरून मिठाचे व्यापारी ये-जा करत असणार. जुने नकाशे धुंडाळले. पुरावा सापडला नाही, पण नाव आहे. नाव उगीच पडत नाही. प्रकरण बावीस पानांचं झालंय. 'शिपायाचं बटण'वरून तिथं एखादी छावणी असावी, असंही मांडलंय.

दुसरं 'थांबगं'. काट्यांचं ते ठेंगणं फूल, कपड्याच्या काठाला धरून ठेवतं ते. लग्न होऊन खिंडीपलीकडे जाणाऱ्या बायकांनी ते नाव दिलं असणार, असं मी पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं. जाणाऱ्या मुलीला डोंगरच म्हणतो, थांब गं. त्या एका पानावर मला आजवर किती पत्रं आली असतील! शाळेच्या पुस्तकात ते पान आहे. गेल्या वर्षी पायवाटेवर सातही नावांच्या पाट्या लागल्या, हे तू पाहिलंच असशील.

प्रकाशकाला सगळं एप्रिलअखेर हवंय. एक काम कर. वर जाशील तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचार, मिठाच्या वाटेची काही आठवण कुणाला आहे का. एखादी जरी मिळाली तरी माझं प्रकरण पक्कं होईल.

गुडघ्याला तेल लाव आणि मला विसरू नकोस.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. दोन्ही प्रकरणं वाचली. फार सुंदर लिहिलंयस. म्हणूनच झोप उडाली.

ताई, वर कधी मिठाची वाट नव्हती. छावणीही नव्हती. ती नावं मेंढपाळानं दिलेली नाहीत. ती मी ठेवली.

तू पंधराची होतीस, वही घेऊन डोंगर चढायचीस. मला न्यायची नाहीस. म्हणायचीस की तू बडबड करतोस, पाखरं उडतात. एकदा मी म्हणालो की मेंढपाळ त्या फुलाला शिपायाचं बटण म्हणतो. खरं म्हणजे माझ्या शर्टाचं पितळी बटण हरवलं होतं, आईनं रट्टा दिला होता, आणि ते फूल मला हुबेहूब तसं दिसलं. तू चालता चालता थांबलीस. वही उघडलीस. मला शेजारी बसवून विचारलंस, अजून काय म्हणतो तो? कुणी मला इतक्या आदरानं कधीच काही विचारलं नव्हतं. मग काय, दर रविवारी एक नाव.

मिठाची वाट म्हणजे वाण्याकडून आणलेली पुडी. खाली भोक होतं, घरापर्यंत पांढरी रेघ आली. रडका मास्तर म्हणजे आपले गणिताचे मास्तर, मान अशीच खाली घालून चालायचे. सासूचे कान कुणाचे ते लिहीत नाही, त्यांची नातवंडं शेजारीच राहतात. आंधळीचा दिवा आणि चोरखिसा कुठून आले ते मलाच आठवत नाही. मेंढपाळाशी मी जन्मात बोललो नाही. मला त्याच्या कुत्र्यांची भीती वाटायची.

आणि थांबगं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या वर्षी तुझं शहरात शिकायला जायचं ठरत होतं. तू भराभर चालायचीस, माझे पाय छोटे. मागून मी ओरडत यायचो, ताई थांब गं, थांब गं. एकदा त्या काट्यांनी तुझा परकर धरला आणि तू थांबलीस. माझ्या ओरडण्यानं थांबत नव्हतीस, त्याच्यानं थांबलीस. म्हणून त्याला तेच नाव दिलं. लग्न होऊन जाणाऱ्या बायका वगैरे कुणी नव्हतं. मीच होतो.

तुझं पहिलं पुस्तक आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यात मी ठेवलेली नावं छापून आलीत याचाच मला इतका आनंद झाला होता की दातखीळ बसली. पुढं जितकं मोठं होत गेलं तितकं सांगणं अवघड होत गेलं. आता तू मला पुरावा आणायला सांगतेस. तो मी आणू शकत नाही.

काय शिक्षा देशील ती कबूल. फक्त पत्र बंद करू नकोस.

धाकटा


८ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

आईनं लिहायला सांगितलेलं नाही, मीच लिहिते आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानातून घरी आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाड दुखतंय का विचारलं तर म्हणाली की हाडाला काही झालेलं नाही. पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाच, तुझ्या आईचं आयुष्य एका नऊ वर्षांच्या पोरानं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं मला प्रकाशकांना फोन लावायला लावला आणि पुस्तक थांबवा म्हणाली. ते घरी आले. पलंगाच्या कडेला बसून तासभर समजावत होते. मेंढपाळ कधीच गेला, तुमचा भाऊ बाहेर बोलणार नाही, मग कळणार कुणाला? नावं लोकांच्या तोंडी बसली आहेत, पाट्या लागल्या आहेत, मुलं पाठ करतात. खोटं इतकी वर्षं चाललं की ते खरंच होतं, असंही म्हणाले. आई ऐकत होती. हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. याचीच मला भीती वाटते, मामा. माझ्या आईला एका पाकळीचा रंग तपासायला चार मैल परत चालत जाताना मी पाहिलंय.

तुझा राग आला होता. आता आठवडा झाला, तेवढा नाही. पण एक विचारते. इतकी वर्षं गप्प बसलास, अजून एक महिना गप्प बसता आलं नसतं? ती जेवत नाही. व्यायाम शिकवायला मुलगी येते तिला परत पाठवते. तुझी जुनी पत्रं मात्र उशीखालून काढू देत नाही.

तुला काही सुचलं तर लवकर कळव. तुझ्या पायाशी डोकं ठेवते, आणि मनातून थोडे कानही उपटते.

ठमी


१४ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

कान उपटलेस, बरं केलंस. विचारलंस की महिनाभर गप्प का बसलो नाही. अगं, गप्पच बसणार होतो. पण तिच्यासाठी वर जाऊन बसायला लागलो आणि तिथं खोटं नेता येईना. जे दिसेल तेवढंच लिही, असं तिनं मला शिकवलं. साठी उलटल्यावर शिकलो, म्हणून जरा जास्तच मुरलं.

आता हे तिला वाचून दाखव. ऐकत नसेल तर दारात उभी राहून मोठ्यानं वाच.

परवा मी मधवाल्या आजीकडे गेलो. खोटी नावं दिली, निदान एखादं खरं शोधून द्यावं, असं मनात होतं. सगळं तिच्यापाशी कबूल केलं. ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, आम्हाला वाटायचं की ती नावं शहरातल्या शहाण्या बाईंनी ठेवली. आमच्याकडे फुलांना नावं नाहीतच. फुलांना नाव ठेवून काय करायचं, ती आपापली येतात. नाव दिवसांना असतं.

मला कळेना. मग तिनं समजावलं. पिवळं उमललं की ते दिवस 'पिवळ्यातले'. तेव्हा मधाच्या पेट्या अंगणातून पहिल्या टप्प्यावर न्यायच्या. रांगेतलं पांढरं आलं की 'पांढऱ्यातले', पेट्या दुसऱ्या टप्प्यावर. असे चार टप्पे, थेट सोंडेपर्यंत. बहर वर चढतो, त्याच्यामागून माश्या चढतात, माश्यांमागून माणसं. तिची सासू 'निळ्याच्या दुसऱ्या दिवशी' जन्मली. तारीख कुणाला ठाऊक नाही. गावात भांडण मिटलं ते 'पांढऱ्याच्या शेवटी'. म्हातारीला असले पाच पिढ्यांचे दिवस पाठ आहेत.

मग मला घेऊन गेली. सोंडेवरचे ते चपटे दगड, ज्यांच्यावर बसून मी हा महिनाभर डबा खायचो, ते बसायचे नव्हेतच. पेट्या ठेवायचे ओटे आहेत. प्रत्येकाच्या कडेला बारीक खाचा. ज्या वर्षी मध भरपूर, त्या वर्षी एक खाच. मी बोट फिरवत मोजायला लागलो. एका दगडावर एकशे चौदा भरल्या आणि पुढच्या झिजून गेलेल्या. आजूबाजूला पांढरी फुलं हलत होती, उन्हात माश्या सोन्याच्या कणांसारख्या वर निघालेल्या, आणि मला वाटलं, मी चालत नाहीच आहे, डोंगरच हळूहळू वर चाललाय आणि मला बरोबर नेतोय.

ताईला सांग, मी काहीही घातलेलं नाही. पाहिलं तेवढंच आहे. पण या वेळी माझ्या शब्दावर विसंबू नको म्हणावं. येऊन बघ.

तुला भरभरून आशीर्वाद.

मामा


२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठमीनं दारातून वाचलं. शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

आधी रागावते, म्हणजे मोकळी होते. गाढवा, बावीस पानं! जुन्या नकाशांसाठी मी किती कचेऱ्यांचे जिने चढले! झालं. संपला राग.

आता माझी कबुली. प्रकाशक बोलून गेले त्यानंतर तीन दिवस मी मनातल्या मनात हो म्हणत होते. पुस्तक तसंच जाऊ द्यावं, कोण विचारतंय. चौथ्या दिवशी स्वतःलाच विचारलं, की लंगडा मेंढपाळ समोर सोंडेवर बसलेला असायचा, मी एकदाही त्याच्याकडे का गेले नाही? कुत्र्यांची भीती मलाही होतीच. पण पुढं मोठी झाले, पुस्तकं लिहिली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. तेव्हाही ही सात नावं कधी तपासली नाहीत. कारण ती मला हवी होती तशीच होती. तू नऊ वर्षांचा होतास. मी नव्हते. ही चूक तुझ्यापेक्षा माझी जास्त आहे.

प्रकाशकांना कळवलं आहे. बावीस पानं रद्द. नावं खरी कुठून आली ते तुझ्या पत्रासकट छापणार, आणि पहिल्या पुस्तकातलं चुकलं तेही लिहिणार. शाळेच्या पुस्तकवाल्यांनाही पत्र टाकलंय. प्रकाशक म्हणाले की हसं होईल. मी म्हटलं, सत्तरी गाठली, आता झालं तर झालं. बाकीचं पुस्तक मधवाल्या आजीच्या दिवसांचं असेल, पण ती परवानगी देईल तर, आणि मी स्वतः ऐकल्यावर.

राहिलं थांबगं. माझं ते पान लोकांना आवडलं, कारण ते दूरच्या कुणा बायकांवर होतं, त्यात मला काही द्यावं लागत नव्हतं. धाकट्या, तुझं ओरडणं मला ऐकू यायचं. पहिल्या हाकेपासून. मी मुद्दाम पाय उचलायचे. वळून बघितलं असतं तर शहरात जाणं झालं नसतं, हे मला तेव्हा कळत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

काल काठीवर जिन्यापर्यंत गेले. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली आहे, ठमीनं भांडून मिळवली. गुरुवारी सकाळच्या बसनं येते. ठमी खालच्या स्टँडपर्यंत सोडील, संध्याकाळी शेवटच्या बसनं परत. वर तू ने. उचलून नको, हात धरून.

तुझी,
ताई


२ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू इतकी चिडली होतीस की मला बोलताच आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. त्या संध्याकाळी स्टँडवर तुला ताटकळावं लागलं, माझं चुकलं. पण झालं काय ते ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंतच गेलो. पावलागणिक थांबत, दोन तास लागले. मधवाली आजी आधीच येऊन दगडावर बसली होती. दोघींनी एकमेकींच्या काठ्या बघितल्या, कुणाची चांगली यावर थोडा वाद झाला. मग आजी सांगत गेली. ताईनं पिशवीतून वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि मांडीवर तशीच उघडी ठेवली. नुसती ऐकत होती. मध्येच आजीनं विचारलं, बाई, लिहीत का नाही? ताई म्हणाली की आधी ऐकायला शिकते आहे, घाई केली की माझं चुकतं. आजीला ते पटलं. म्हणाली, मग पुढच्या निळ्यात ये, तेव्हा उरलेलं सांगते. परवानगी दिली, असं समज.

आजी पेट्या बघायला गेली तेव्हा ताई म्हणाली, जरा पाठ टेकते. माझा कोट दगडावर अंथरला. बोलता बोलता तिचा डोळा लागला. ठमे, मी आयुष्यात तिला डोंगरावर झोपलेलं पाहिलेलं नाही. कायम नजर भिरभिरत असायची, हे काय, ते काय. आता तोंड थोडं उघडं, चष्मा कपाळावर, आणि हात गवतात पडलेला. एक माशी तिच्या बोटावरून चालत गेली, मी हाकलली नाही. ऊन उतरत होतं. पूर्ण उतार एका झुळकेनं पांढरा व्हायचा, मग परत हिरवा. मी शेजारी बसून राहिलो.

मग खालून इंजिनाचा आवाज आला. तो मला झोपेतही कळेल. शेवटची बस. चौथ्या वळणावर आली, मग तिसऱ्या. एकतीस वर्षांत मी एकदाही एका मिनिटाचा उशीर केलेला नाही, तुला माहीत आहे. थांब्यावर येऊन ती उभी राहिली. ड्रायव्हरनं खाली उतरून वर बघितलं, त्याला मी दिसलो असणार. त्यानं हात हलवून विचारलं, येताय ना?

मी ताईकडे बघितलं. मग उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि त्याला खूण केली, जा, जा.

तो थोडा वेळ थांबला. मग बस वळली, आणि आवाज खाली खाली जात मिटला.

ताई उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. आजीच्या घरी राहिलो. बाकी भेटल्यावर.

तुझ्या रागासकट तुझा,
मामा